कावळ्याआधीचे दोन दिवस

लग्न होऊन मी पेठ वडगावहून कोल्हापुरात आले, तेव्हा स्वातंत्र्याला चारेक वर्षं झाली होती. सासरी बाईला विसावा मिळायचा तो कावळा शिवल्यावरच. पाळी आली की तीन दिवस मागच्या सोप्यात घोंगड्यावर बसायचं, ताट तिथंच यायचं, कामाला कुणी हाक मारायचं नाही.

माझं दुखणं मात्र पाळीच्या दोन दिवस आधीच यायचं. ओटीपोटात असा पीळ पडायचा की भाकरी थापताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. वैद्य म्हणाले, मूल झालं की थांबेल. मुलगी झाली, दुखणं काही थांबलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "सगळ्या बायकास्नी दुखतंय. तुझंच काय नवलाचं?" दर महिन्याला हेच ऐकून मलाही वाटायला लागलं, मी कामचुकारच असेन. ते वाटणं कळांपेक्षा वाईट होतं. बऱ्या दिवसांतही मी हसेनाशी झाले.

एका महिन्यात मी चक्क खोटं बोलले. दोन दिवस आधीच सांगितलं, कावळा शिवला. घोंगड्यावर पडले, गरम वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरली आणि पोटभर रडले. किती दिवसांनी मला कुणी नाटकी म्हणत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सासूबाई परसातली दोरी बघून आल्या.

"एकबी धुडकं वाळत न्हाई. खोटं बसलीस व्हय?"

थाप मारता आली असती. पण मला भयंकर राग आला.

"व्हय, खोटंच. पर दुखणं खरं हाय, आत्याबाई. कावळ्यावर इस्वास हाय तुमचा, माझ्यावर न्हाई."

"तोंड लई सुटलंय," म्हणत त्या निघून गेल्या. पुढं पंधरा दिवस अबोला. मी माघार घेतली नाही.

पुढच्या महिन्यात पहिली कळ आली तशी मी परात बाजूला सारली. "कावळा शिवल्याला न्हाई. पर दुखतंय. आज भाकरी तुमी थापा."

मागच्या सोप्यात मी गेले नाही. तिथंच, स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून पाय पसरून बसले. सासूबाई पुटपुटत चुलीपुढं बसल्या आणि रागारागानं भाकरी थापू लागल्या. चुलीच्या कडेला एक वीट तापत होती. मी ती ठेवली नव्हती.

"बघत काय बसलीस?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "घे की ती वीट."