दोन बॅटऱ्यांची गाडी

गाडी थांबली की आमचे मोठे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आधी सीटखालचा खटका फिरवायचे. त्याशिवाय कुणी उतरायचं नाही. फरीदाबादच्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते. जुनी मेटाडोर घेऊन त्यांनी तिच्यात बाकडं, शेगडी, पंखा, छोटा टीव्ही बसवला होता. बॅटऱ्या दोन. एक गाडी चालू करायला, दुसरी पंख्याला नि टीव्हीला. गाडी धावताना खटका जोडला की दोन्ही भरायच्या. थांबल्यावर वेगळ्या करायच्या, नाहीतर पंखा गाडीची बॅटरीसुद्धा पिऊन टाकतो. "घरचं घराला, गाडीचं गाडीला!" असं ते म्हणायचे. हात कुशल होते त्यांचे, ते मी नाकारत नाही.

पण दुसऱ्या बॅटरीलाही ते कुणाला हात लावू देत नसत. जाऊबाईंनी विचारलं तरी म्हणायचे, "पंखा? अगं सुमन, खिडकी कशाला ठेवलीय?"

एका मे महिन्यात गुडगावजवळच्या सोहना गावापुढे तळ्याकाठी मुक्कामाला गेलो. माझी आई साताऱ्याहून आली होती. उन्हात तिला धाप लागायची, आणि दुसऱ्या दिवशी तर पत्रा नुसता भाजत होता. मी भाऊजींसमोर तोंड उघडत नसे, म्हणून पंख्यासाठी नवऱ्याच्या मागे लागले. तो म्हणाला, "तूच सांग ना यार." आईने ते ऐकलं. लेकीच्या सासरी काही मागायचं नाही, ही तिची रीत. "मला वारा सोसत नाही गं," म्हणाली आणि पदराने मान पुसत राहिली.

दुपारी भाऊजींचे साहेब गुडगावहून बायकामुलांसह आले. भाऊजींची धावपळ सुरू झाली. "मावशी, जरा बाहेर बसता का?" आई बाभळीखाली जाऊन बसली. आत पंखा सुरू, टीव्ही सुरू. "देखिए साहब, बिल्कुल घर जैसा!" इंजिन चालू करून, खटका जोडूनही दाखवला. इंजिन बंद केलं, पण पंखा-टीव्ही चालूच होते नि खटका तसाच जोडलेला राहिला.

साहेब गेले. संध्याकाळी आम्ही निघालो, तर गाडी चालूच होईना. भाऊजींनी वाकून सीटखाली पाहिलं. खटका गुपचूप फिरवला. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "सारखा पंखा लावला की असंच होणार. मावशींना उकडलं असेल."

"भाऊजी, आई पंख्याखाली बसलीच नाही."

त्यांना उलटून बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. आईने माझा हात दाबला. "लावला असेल हो मीच. चुकलं माझं."

"असू द्या मावशी. वयोमानाने होतं असं."

गाडी ढकलून चालू केली. घरी आल्यावर मी आईवरच चिडले. ती म्हणाली, "मी चार दिवसांनी जाणार. तुला इथंच राहायचंय."

आई पुन्हा दिल्लीकडे आली नाही. आता भाऊजीही नाहीत. लोक म्हणतात, काय हौशी माणूस होता! होता. पण चूक कुणाची हे ठाऊक असून त्यांनी माझ्या आईला माफ केलं. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.