थंड थेंब

"आइका!" बोलता बोलता सर एकदम हात वर करत. वर्गात, चहाच्या टपरीवर, कुठेही. मग वाक्य अर्धवट टाकून प्रयोगशाळेकडे सुटत.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी उपकरणं दुरुस्त करायचो. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर या माणसाच्या खुर्चीत काटे आहेत काय, असंच विचारलं असतं.

रीतसर परवानगी काढून ते बेडकाच्या कातडीवर काम करत. कातडीचा तुकडा, त्यातून निघालेली बारीक नस आणि नसेतले विजेचे संदेश ऐकवणारा, मी जोडून दिलेला स्पीकर. कातडीला केसाने नुसतं शिवलं की स्पीकर टकटक करी. मग फ्रिजमधून काढलेल्या नॉरअॅड्रिनॅलिन या औषधाचा थेंब टाकायचा. केस तोच, स्पर्श तेवढाच, पण टकटक कितीतरी वाढे.

"जीव घाबरला का अंगात हेच सुटते," ते म्हणत. "घाबरलेली कातडी जास्त आइकते, पाहा."

अकोल्याच्या परिषदेत हे मांडायचं ठरलं. आदल्या दुपारी त्यांना काय वाटलं कोण जाणे, औषध न घालता त्यांनी फ्रिजमधलं नुसतं मिठाचं पाणी टाकलं. टकटक तेवढीच वाढली.

सर मटकन स्टुलावर बसले.

"हे तं थंडीचं काम हाय भाऊ. औषधाचं नाही."

"मग उद्या?"

"जाऊन राहिलो ना. सांगा लागते."

जागा रिकामी असून मूर्तिजापूरपर्यंत ते बसमध्ये उभेच होते. व्यासपीठावर म्हणाले, "शीर्षक छापून आलं आहे, पण निष्कर्ष चुकला. माझा थेंब थंड होता." मागे कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी विचारलं, "मग आलात कशाला?"

"हेच सांगाले."

परतल्यावर औषध आणि पाणी सारखंच कोमट ठेवून पुन्हा सुरुवात. कातडी सुके, नस मरे, सर येरझाऱ्या घालत. दिवाळीच्या सुमारास फरक दिसला. पाण्याने काही होईना, औषधाने टकटक वाढे. पहिल्याइतकी नाही, पण खरी. मी म्हटलं, पेढे आणतो.

"थांबा. अजून एक डाव पाहू."

पुढच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यातून ते उठलेच नाहीत.

दर्यापूरला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी विचारलं, "भाऊ, एवढी वर्सं हे बेडकात पाहत तरी काय होते?"

मी सांगितलं. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी मी नुसतं बोट लावलं तरी दचकत. मले वाटलं, माझ्यावर राग हाय. म्हणजे, ते भेले होते?"

हे बेडकाचं आहे, माणसाचं अजून पाहिलेलं नाही, असं सरांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. मी सांगितलं नाही.