पोहे एकदाच, खून एकदाच

बसा. चहा येईपर्यंत माझ्या अकलेचं प्रदर्शन मांडतो. इतकी वर्षं लातुरात लग्नाचं शूटिंग करतोय, पण स्वतःच्या भाचीच्या सिनेमाचा मुडदा पाडायचा मान मलाच मिळायचा होता!

भाची म्हणजे मुक्ता, निलंग्याच्या माझ्या अक्काची पोरगी. नांदेडला इंजिनिअरिंग करते, पण सगळा जीव सिनेमात. तिला पुण्याला जाऊन सिनेमाच शिकायचाय. आणि दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, देवणीचं एक स्थळ हेरून ठेवलेलं. रविवारी पाहुणे बघायला यायचे होते. पोरीनं लईच हट्ट धरला, तेव्हा दाजी म्हणाले, "शनिवारी दाखव तुझा सिनेमा. पटला तर पुणं. न्हाई पटला तर गुमान पोहे कर."

मुक्तानं पेन ड्राइव्ह माझ्या स्टुडिओत आणून दिला. "मामा, खुनाखुनीचा हाय, पण हसायचा हाय. फक्त आवाज तेवढा सारखा करा. कुठं बारीक, कुठं मोठा येऊन राहिलाय. माझी परीक्षा हाय, मी पळते."

"पळ तू. मामा हाय कशाला?"

इथंच घात झाला बघा!

लावला सिनेमा. एक पोरगी सकाळी उठते. आई ओरडते, "ऊठ गं, पाव्हणे येऊन राहिले!" पोरगी पोहे करते, बशा घेऊन बाहेर येते, पाहुणे नाव-गाव विचारतात. मग ती परसात जाते. तिथं डोक्याला लाल फेटा, तोंडाला उपरणं आणि हातात ऊसतोडीचा कोयता घेतलेला एक माणूस. खच्चकन! गुलाबाच्या सरबताचा असा फवारा उडाला की मी खुर्चीत पाय वर घेतले. वा रे माझी वाघीण!

पुढं बघतो तर काय? पोरगी परत सकाळी उठतेय. परत आई ओरडतेय. परत पोहे. फक्त या वेळी ती परसाऐवजी गच्चीवर पळते आणि खून तिथं होतो. मग परत सकाळ. परत पोहे!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? आमच्या धंद्यात नवरा-नवरीला एकच हार तीनतीनदा घालायला लावतो, त्यातला एक बरा ठेवतो, बाकीचे उडवतो. मला वाटलं, पोरगी नवखी, घाईत रीटेक काढायचे राहून गेले. हे असं दाजींसमोर गेलं असतं तर? पुणं गेलंच, पोरीची अब्रूही गेली असती! माझा जीव कळवळला हो.

शटर खाली ओढलं आणि भिडलो. ज्या पोह्यांतून छान वाफ निघत होती, ते ठेवले. ज्या खुनात फवारा सगळ्यात उंच गेला, तो ठेवला. बाकी सगळं साफ! एका ठिकाणी हिरोईन खुन्याच्या टाळक्यात परात घालते. काढलं. एका ठिकाणी खुन्याचं उपरणं सुटून आत स्थळ आणणारा मध्यस्थ दिसतो. नटाचा चेहरा उघडा पडला, शॉट वाया! तेही काढलं. शेवटी सगळे मिळून हसत पोहे खात होते, ते मात्र आवडलं. ते खुनानंतर जोडलं, वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या आणि खाली सनई टाकली. लग्नात कुणी नावं ठेवली नव्हती त्या पाकळ्यांना.

शनिवारी दुपारी अक्काच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले. मुक्ता नांदेडहून एसटीनं थेट तिथंच उतरली.

"आवाज झाला का, मामा?"

"नुसता आवाज? बघच तू!"

सिनेमा सुरू झाला. पोरगी उठली, पोहे केले, परसात मेली. मुक्ता मजेत मांडी घालून पुढच्या सकाळची वाट बघत होती. सकाळ कुठली यायला? पाकळ्या पडल्या, सनई वाजली, मंडळींनी पोहे खाल्ले, समाप्त.

"मामा," ती माझ्या कानाशी आली. "सकाळ कुठं गेली?"

"कोणती सकाळ?"

"ती परत उठते ती!"

"आगं, ते रीटेक होय? सगळे काढले की!"

"रीटेक?" पोरीनं माझी बाही ओढली. "मामा, टाइम लूप हाय तो! तोच दिवस फिरून फिरून येतो, ती दरवेळी मरते अन् शेवटी खुन्याला पकडते! लोकं तिथंच हसत्यात!"

म्हणजे मी खुनी सोडून दिला, पोरगी मारून टाकली आणि विनोद तेवढे वेचून फेकले!

अक्कानं पदर डोळ्याला लावलेला. दाजी अजून टीव्हीकडेच बघत होते. मला वाटलं, आता कोयता माझ्यावर.

"पोरीचा मुडदा परसात," दाजींनी पडद्याकडं बोट केलं, "अन् हे लोक पोहे खाऊन राहिले? मुक्ते, बघायला येणं म्हंजे तुला असं वाटून राहिलं व्हय?"

मुक्तानं बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. मिटलं. आणि मान खाली घातली. काय पोरगी आहे!

दाजींनी तिथंच देवणीला फोन लावला. "उद्याचं राहू द्या. पोरगी पुण्याला शिकायला चाललीय."

बाहेर आल्यावर मुक्तानं माझा हात धरला. रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. "मामा, पुणं दिलंत. पण माझी कॉमेडी मारलीत."

पोरगी गेली पुण्याला. जाताना हा किस्सा मात्र नातेवाइकांत असा वाटून गेली की पार बिलोलीपर्यंत पोचला.

परवा तिथलेच एक काका पोरीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आले. सगळं बोलणं झालं, उठले, दारापर्यंत गेले आणि हात जोडून परत आले.

"तेवढी एक इनंती हाय, भाऊ."

"बोला की, काका."

"सप्तपदीची पावलं सातच्या सात राहू द्या. एक झ्याक आलं म्हणून बाकीची सहा उडवू नका. पोरगी अर्ध्यातच राहील."