मास्टरांसाठी राखलेला शेवट

वाटूरच्या फाट्याजवळ एक शिलाईचे दुकान आहे. तिथे रविवारी सकाळी कपडे कमी शिवले जातात आणि चित्रपट जास्त उसवले जातात. उसवणारे आम्ही चौघे. दुकानाचे मालक, ज्यांना सारे गाव मास्टर म्हणते. मोसंबीची बाग सांभाळणारे आबा. निवृत्त शिक्षक असलेला मी. आणि माझी पत्नी, जी एकदा ब्लाउजचे माप द्यायला आली आणि पुढे माप न देताही येऊ लागली.

जालन्याला चित्रपट पाहायला चौघांना एकत्र जाणे जमत नाही. आबांना बागेला पाणी द्यायचे असते, मास्टरांकडे लग्नसराईचे कपडे असतात. म्हणून ज्याला जसे जमेल तसे त्याने जावे आणि रविवारी मत मांडावे. मत कसे मांडावे, याची एक रीत मी सुचवली होती: आधी काय पाहिले ते सांगावे, मग ते कसे वाटले आणि शेवटी तसे का वाटले. आबांनी ही रीत कधीच पाळली नाही. त्यांची सुरुवात "भंगार!" किंवा "एक नंबर!" अशी निकालानेच होते आणि कारणे मागितली की ते चहा मागवतात. एक नियम मात्र आबांसह सर्वांनी कसोशीने पाळला. चौघांपैकी शेवटच्याने चित्रपट पाहीपर्यंत त्याचा शेवट उघड करायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात या नियमाची खरी परीक्षा झाली.

एका बँडवाल्याचा चित्रपट लागला होता. भावाशी भांडण झाल्यावर त्याने क्लॅरिनेटला पुन्हा ओठ लावायचे नाहीत, अशी शपथ घेतलेली असते. आता मुलीचे लग्न ठरते आणि वरातीला नेमका त्याच भावाचा बँड येतो. बाप वाजवणार की नाही, एवढाच प्रश्न. मास्टरांनी उमेदीची सगळी वर्षे बँडवाल्यांचे गणवेश शिवण्यात घालवलेली. लाल कोट, खांद्यावर जरीच्या झालरी. चित्रपटाची जाहिरात पाहिल्यापासून ते दिवस मोजत होते. आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी सांगितले, मी परवानगी देईपर्यंत धूळ नको, गर्दी नको, प्रवास नको.

"फोनवर येईल की काही दिवसांनी," माझी पत्नी म्हणाली.

"वहिनी, फोनवर पिक्चर पाहणं म्हंजे चिंधीवरून शेरवानी पाहणं," मास्टर म्हणाले. "मला तो बँड मोठ्या पडद्यावर पाहायचाय. आणि शेवट कुणी सांगितला, तर त्याची पँट एक बोट आखूड शिवीन. बिलकुल सांगून राह्यलो."

त्या वेळी आम्ही हसलो. पण मास्टरांच्या थट्टेमागे धास्ती होती, हे आम्हाला दिसत होते. चित्रपट किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता.

शस्त्रक्रिया चांगली झाली. मास्टर डोळ्यावर काळा चष्मा लावून दुकानातल्या लाकडी बाकावर बसू लागले. मशीनवर त्यांची बेगम, म्हणजे आमच्या भाभी, बसत. थेंब घालण्याची वेळ झाली की त्या मशीन थांबवीत आणि सगळ्यांना गप्प करीत. तोवर आम्ही तिघांनीही चित्रपट पाहिला होता. मध्यंतरापर्यंतच्या भागावर आम्ही इतके वाद घातले की त्यात नवे काही उरले नाही.

आणि मग आबांचा तोल गेला. "काय सांगू मास्टर, शेवटी असा रडलो, असा रडलो... रुमाल पिळून घेतला."

मशीन थांबले. भाभींनीच विचारले, "कौन मरता क्या?"

आबांनी जीभ चावली आणि ते सरळ बागेला पाणी द्यायला निघून गेले. परिस्थिती सावरण्यासाठी माझ्या पत्नीने शांतपणे सांगून टाकले, "मरतो ना. भाऊ. वरातीतच." यातले काहीही चित्रपटात नव्हते. खोटा शेवट सांगितला की खरा सुरक्षित राहील, हे तिचे तर्कशास्त्र. तत्त्वतः ते बरोबर होते.

अडचण एवढीच झाली की तिने हे मला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तर मास्टर गंभीर आवाजात म्हणाले, "गुरुजी, भाऊ मरतो म्हणे. खरंय का?"

माझा स्वभाव असा की समोर चुकीचे उत्तर दिसले की ते खोडल्याशिवाय मला राहवत नाही. "छे, छे! कुणीच मरत नाही," मी म्हणालो. पण खोडले की बरोबर उत्तर द्यावे लागते आणि ते तर द्यायचे नव्हते. म्हणून घाईघाईने दुसरे चुकीचे उत्तर दिले, "मुलगीच क्लॅरिनेट हातात घेते आणि वाजवते."

"असं व्हय," मास्टर म्हणाले आणि त्यांनी काळा चष्मा नीट केला.

पुढे आबा आले. त्यांनाही मास्टरांनी विचारले, "पोरगी वाजवते म्हणे?"

"कोण म्हन्लं? पोरगी न्हाई वाजवत. पाऊस येतो. धो धो. समदी वरात पांगते, अन् मंग दोघं भाऊ एकाच छत्रीत!"

हे सारे आम्हाला नंतर, एकमेकांना कबुली देताना कळले. तिघांनी तीन शेवट दिले होते. मास्टरांनी यातून काय ताडले असेल? आमच्या सांगण्यात कुठे खऱ्याचा धागा तर सुटला नसेल? पत्नी म्हणाली, "तुम्ही मास्तरकी केली नसती, तर माझा भाऊ सुखाने मेला असता."

त्यातच बातमी आली की शुक्रवारी चित्रपट बदलणार. बुधवारी मास्टरांची डोळ्याची तपासणी होती. बुधवारी दुपारी आबा उगाचच फाट्यावर येऊन उभे राहिले, मीही पेपर आणायच्या निमित्ताने गेलो. बसमधून मास्टर आणि भाभी उतरले. मास्टरांनी लांबूनच हात वर केला आणि हवेत तिकीट फाडल्याची खूण केली. आबांनी भर रस्त्यात शिट्टी मारली. गुरुवारी दुपारच्या खेळाला दोघे जालन्याला गेले.

रविवारी आम्ही वेळेच्या आधीच दुकानात हजर होतो. मास्टर कापड कापत होते. कात्री संथ चालली होती.

"मास्टर, बोला की राव," आबा म्हणाले.

"काय बोलू? मी थेटरात बसलो अन् वाट पाहत बसलो. भाऊ मरायची. मेला न्हाई. मग पोरगी क्लॅरिनेट घेती का, ते पाहिलं. न्हाई घेतलं. मग पावसाची वाट पाहिली. एक थेंब न्हाई! तुमच्या भाभीला म्हन्लं, आपल्या दोस्तांनी दुसराच पिक्चर पाहिला वाटतं."

मशीनवर बसलेल्या भाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"म्हणजे तुम्हाला कळले होते?" मी विचारले.

"पहिल्याच दिवशी. वहिनी खोटं बोलताना पिशवीचा बंद ओढतात. पण कशाला सांगू? डोळा बंद, दिवसभर बाकावर. तुम्ही येऊन राह्यले, मला तीन पिक्चर दाखवून राह्यले. रोज रात्री पडल्या पडल्या एकेक चालवायचो. आबांची छत्री तर मी लाल केल्ती, कोटाला जुळती."

मग त्यांनी खरा शेवट आम्हाला करून दाखवला. पडद्यावरचा बाप क्लॅरिनेटला हात लावत नाही. तो भावाच्या बँडमध्ये शिरतो आणि वरातीच्या कडेने डोक्यावर धरतात ती जड बत्ती एका मजुराच्या डोक्यावरून उतरवून आपल्या डोक्यावर घेतो. मास्टरांनी मशीनचे लाकडी झाकण डोक्यावर घेतले आणि ते दुकानातल्या दुकानात पाच पावले चालले. आबांनी तोंडाने ढोल वाजवला.

आता बोलायला मोकळीक होती आणि आम्ही ती पुरती वापरली.

"वाजवायला पायजे होतं त्यानं," आबा म्हणाले. "पोरीचं लग्न हे!"

"वाजवले असते तर शपथ मोडली असती," मी म्हणालो. "बत्ती धरल्याने शपथही राहिली आणि भाऊही मिळाला. रचनेच्या दृष्टीने..."

"रचना राहू द्या," पत्नी म्हणाली. "मास्टर, तुम्ही सांगा. कसे वाटले?"

मास्टरांनी झाकण खाली ठेवले. "वहिनी, बत्ती त्याच्या डोक्यावर गेली ना, तसा उजेड भावाच्या कोटावर पडला. खांद्यावरच्या झालरीची एकेक तार दिसली मला. एकेक. किती वर्षांनी."

भाभींनी मशीन थांबवले नाही. पण चाकाचा वेग मंदावला होता.

"तरी पण," मास्टर म्हणाले, "छत्रीच भारी होती."

"एक नंबर!" आबा ओरडले आणि कारण विचारायच्या आत त्यांनी चहा मागवला.