एकास एक

“स्वल्प थांब, भाव अजून वाढेल,” ते म्हातारे गृहस्थ शेजारच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीला हळूच म्हणाले.

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या आमच्या बँकेत ते दर शनिवारी येत. आल्याबरोबर रुमालाने खुर्ची झटकत, आणि स्वतः उभेच राहत. प्रश्न ठरलेला, ब्रह्मदेशच्या ‘क्यात’ या चलनाचा. “ब्रह्मदेशच्या एका क्यातला सिलोनचे रुपये किती गं, बाळ?” इंग्रजी चांगलं म्हणून मला परकीय चलनाच्या काउंटरवर बसवलं होतं, पण बोलायचा मला भारी संकोच. मी दराच्या तक्त्यावर नुसतं बोट ठेवी. एकास एक. मी नोकरीला लागल्यापासून तो दर हललाच नव्हता. “सरी,” म्हणजे बरं, असं कानडीत म्हणून ते खुर्चीकडे वळत आणि मराठीत कुजबुजत. बँकेत मराठी माझ्याखेरीज कुणाला कळत नसे.

हेडक्लार्कनी एकदा सांगितलं होतं, “बायको रंगूनला होती त्यांची. भाव चढला की पैसे बदल आणि कोलंबोमार्गे ये, असं यांनीच कळवलं. बिचारी वाट बघत तिकडेच वारली.”

आज ते “थांब” म्हणाले आणि खुर्ची करकरली, उठू लागलेलं माणूस मुकाट्याने पुन्हा टेकावं तशी. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते तक्त्याकडे बघत होते. मी खुर्चीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“अक्का, हा भाव वाढायचा नाही. तुम्ही निघा.”