सौंसरची कॅसेट आणि ठेक्याबाहेरचं झाड

सौंसरला जायचं असेल तर डिसेंबरात जा. नागपूरहून छिंदवाड्याची बस धरायची, सावनेर मागे टाकायचं आणि लोधीखेड्याला बस थांबली की उतरून गरम आलुबोंडा खायचा. तिथून पुढे दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. मी ज्या फेरीबद्दल लिहितोय ती झाली तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि माझ्या मांडीवर उसना व्हिडिओ कॅमेरा होता. पेटी एवढी जड की शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाऊ, शिलाई मशीन हाय काय?"

निघायचं कारण साधं होतं. महिन्यापूर्वी पुण्यात माझं लग्न झालं. आईचा पाय नेमका तेव्हाच प्लास्टरमध्ये, त्यामुळे लग्नाला एकटे बाबा आले. मेधा, म्हणजे माझी बायको, शाळेत नवीनच लागलेली, तिला रजा नाही. सासू-सुनेनं एकमेकींना पाहिलेलंच नव्हतं. मग मी टूम काढली की सौंसरच्या आमच्या घराची फिल्म बनवून आणतो. ऑफिसातल्या एकाचा मेहुणा आखातातून कॅमेरा घेऊन आला होता. आठवड्यापुरता मिळाला, त्यालाही दहा विनवण्या कराव्या लागल्या.

पहिला दिवस वायाच गेला म्हणा ना. कॅमेरा खांद्यावर घेतला की समोरचा माणूस खांब व्हायचा. बाबा टोपी घालून अंगणात उभे राहिले ते दोन मिनिटं पापणीही हलवेनात. "बाबा, चाला, बोला काहीतरी!" तर ओठ न हलवता म्हणतात, "फोटो खराब होईन नं बे!" आमची हसून हसून पुरेवाट झाली. दुपारी वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर हाणली, आणि चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं टिपलं.

दुसऱ्या दिवशी आई काठी टेकत बागेत आली. आमच्याकडे फळं झाडावर असतानाच बाग ठेक्यानं व्यापाऱ्याला देतात. एकदा दिली की घरच्यांनीही हात लावायचा नाही. आई विहिरीजवळच्या एका झाडाखाली बसली, पदर सावरला आणि कोणी न सांगता थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलायला लागली.

"पोरी, मी तुही सासू बोलून राहिली. हे झाड मी ठेक्यातून काढून ठेवलं, तुह्या नावानं. कोनाले हात लावू देत नाही. नाताळच्या सुट्टीत येजो. नाही जमलं तं दोन ओळी टाकजो, मी पेटी भरून पाठवीन." मग ती आणखी बरंच बोलली. मधेच हसली, मधेच डोळे पुसले. मी बॅटरीचा लाल दिवा बघत होतो.

तिथून पांढुर्ण्याला गेलो. सौंसरहून बस मिळते, रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता, कॅमेरा पोटाशी धरून बसलो. पांढुर्ण्यात माझा शाळूसोबती गजू व्हिडिओ लायब्ररी चालवायचा. आता लॅपटॉपवर नवशिक्याचं सॉफ्टवेअरही चूक झाली की ती पुसून एक पायरी मागे नेतं. तेव्हा एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर: एकावर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर नको तिथे पॉज दाबून हवं तेवढंच उतरवायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बोटं दुखायला लागली, पण मजा येत होती, खोटं कशाला सांगू.

आईचा भाग आला आणि मी आवाजाची वायर काढून टेपरेकॉर्डरला जोडली. बासरीची कॅसेट लावली.

गजू ओरडलाच, "अबे, काकूचा आवाज कायले काढून राहिला? बोलून राहिली नं ते!"

"राहू दे रे. संगीत छान वाटतं."

कसलं छान! मला लाज वाटत होती. पुण्यात सहा वर्षं घासून घासून मी जीभ साफ केली होती. एकदा डब्याच्या वेळी तोंडातून "जेवून राहिलो" निसटलं, तर पुढे महिनाभर सगळे मला तसंच चिडवत होते. सासरच्या दिवाणखान्यात माझी आई "येजो" आणि "टाकजो" म्हणणार, आणि कोणीतरी ओठ दाबून हसणार, हे मला नको होतं. झाडाचं मेधाला आपण तोंडी सांगू, असं ठरवलं.

मेधाच्या माहेरी फिल्म पाहिली. सगळ्यांनी कौतुक केलं. बासरी वाजत होती आणि आईचे ओठ हलत होते. मेधानं विचारलं, "आई एवढं काय बोलतायत?"

"असंच. आशीर्वाद दिलेत."

सगळ्यांदेखत आईची भाषा बोलायची माझी हिंमत झाली नाही. नंतर कामाच्या गडबडीत विसरलो. मूळ कॅसेटवर मी पुढच्याच रविवारी क्रिकेटची मॅच भरली, कारण कोरी कॅसेट महाग पडायची.

होळीला आम्ही दोघं सौंसरला गेलो. चहा होतो न होतो तोच आई मेधाला बागेत घेऊन गेली, मी मागे. सगळ्या बागेची फळं उतरवलेली, झाडं हिरवीगार. फक्त विहिरीजवळच्या झाडावर वाळकी, पोकळ संत्री लटकत होती आणि खाली सडलेल्या फळांचा खच पडला होता. घोंगावणाऱ्या माशांनी तिथे उभं राहवेना.

आई मेधाला म्हणाली, "तुले संत्रं आवडत नसन, पोरी. काही हरकत नाही. मी आपली रोज पोस्टमनची वाट पाहून राहिली. हे म्हणे, फळं तोडून टाक. म्या म्हटलं, तिचं झाड हाय, तिले इचारल्याबिगर कसं तोडू?"

मेधानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही फिल्ममध्ये काय बोललात ते मला ऐकूच आलं नाही हो."

"असं काय?" आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग माहीच चूक. माहा आवाजच बारीक हाय. मी मोठ्यानं बोलाले पायजे होतं."

तोंड उघडायची वेळ ती होती. मी उघडलं नाही.

परतीच्या गाडीत नागपूर सुटल्यावर मेधा म्हणाली, "आता सांग. सगळं, त्यांच्याच शब्दांत." मी भरल्या डब्यात आमच्या बोलीत सांगायला लागलो. झाडापर्यंत सांगितलं. त्यापुढे आई काय बोलली होती, कशाला हसली, कशाला रडली, मला काही केल्या आठवेना.

ती बासरीची फिल्म हल्लीच मुलीनं कॉम्प्युटरवर उतरवून दिली. सौंसर सुरेख दिसतं, जरूर जाऊन या. खरं काय ते मी आईला कधीच सांगितलं नाही. पुढे सौंसरच्या घरी फोन बसला, तेव्हापासून मेधाशी बोलताना ती शेवटपर्यंत ओरडून बोलायची. पोरीला ऐकू जावं म्हणून.