स्वखुशीने चालत गेलो नाही

"चपला काढ. डोक्यावर घे. चल."

फौजदार एवढंच बोलला. पिंपरीतल्या आमच्या कारखान्याच्या गेटावर पहिली पाळी सुटत होती, दुसरी आत शिरत होती. त्याने मुद्दाम तीच वेळ धरली होती. माझ्याच चपला माझ्या डोक्यावर. कमरेला दोरी, दोरीचं टोक हवालदाराच्या हातात. रोज माझ्या डब्यातली भाकरी मोडून खाणाऱ्यांनी बघितलं आणि ते कार्ड पंच करायला वळले. मला लाज वाटली. वाटायला नको होती, पण वाटली.

टूलरूममधली यंत्रात बसवायची पितळी बुशिंगं हरवली होती. तिथे आम्ही अकरा जण. आदल्या दिवशी उचललं मला एकट्याला. चौकीत फौजदाराने नाव विचारलं, गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारलं. ते कळलं आणि त्याची चौकशी संपली. पट्ट्याने मारलं. माल दाखव म्हणून गेटावर आणलं, ती ही वरात. तिसऱ्या दिवशी बुशिंगं स्टोअरच्याच दुसऱ्या रॅकवर सापडली. मला जा म्हणाले.

युनियनच्या वकिलांनी पुण्याच्या दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावला. फौजदारावर आणि सरकारवर.

मग सगळे गोड झाले. मी टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवा म्हणून भरती. चार वर्षं हेच. लेबर ऑफिसर म्हणाले, दावा मिटव, कायम करतो. संपाच्या वेळी कंपनीच्या साहेबांना फौजदार लागायचा आणि आता दाव्यापायी फौजदाराची बढती अडली होती. दोघांची गरज एकच, माझी सही. वकीलही थकले होते. तडजोड घेऊन टाका म्हणाले.

तरी मी अडलो. तर तारखेला साहेबांनी माझ्या बापाला चाकणजवळच्या आमच्या गावातून जीपमध्ये घालून आणलं. बापाने जन्मभर गावकीची कामं केलेली. फौजदार गावात आला की त्याच्या घोड्यापुढे सामान घेऊन पळायचं. कोर्टाच्या व्हरांड्यात या फौजदाराला बघून तो उठून उभा राहिला. पुन्हा बसेचना.

"सही कर, लेकरा," तो म्हणाला. "तू हिकडं खोलीत ऱ्हातोस. मी अजून गावात ऱ्हातो."

मी सही केली. न वाचता. आयटीआय झालेला माणूस, ड्रॉइंग बघून जॉब काढणारा, आणि न वाचता.

पुकारा झाला. तडजोडीचा कागद न्यायाधीश वाचून दाखवतात, मग पक्षकाराला विचारतात. रिवाजच आहे. त्यांनी वाचलं. वादीस मारहाण झाली नाही. वादी स्वखुशीने पोलिसांसोबत गेटापर्यंत चालत गेला. दावा गैरसमजातून केला.

"मान्य आहे? राजीखुशीने सही केली?"

वकील कानाशी म्हणाले, हो म्हणा. मागे बाप उभा. पुढच्या महिन्यात मी कायम झालो असतो. आणि हे खोटं सरकारी दप्तरात माझ्या सहीनिशी कायम राहिलं असतं.

"सही माझी हाय," मी म्हणालो. शाळेने सोडवलेली बोली आपसूक तोंडात आली. "खुशी न्हाई."

तडजोड फेटाळली. पुढची तारीख पडली. जीप बापाला न घेताच निघून गेली. आम्ही एसटीने परतलो. बाप कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या ब्रेकनंतर कंपनीने मला परत घेतलं नाही. आता भोसरीत एका शेडमध्ये लेथ चालवतो. तारखेच्या दिवशी खाडा. दावा चालू असूनही फौजदाराला बढती मिळाली. खाकी दिसली की मी अजून रस्त्याची बाजू बदलतो, हे कबूल करतो.

दर दोन-तीन तारखांनी कुणीतरी नवा कागद घेऊन येतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मग सांगतो, तडजोडीला मी तयार आहे. मला दोरी बांधून नेलं, असं आधी लिहा. त्याखाली फौजदाराची सही आणा. तोवर माझी मिळणार नाही.